तसबिरीतला राजा आणि खालची रांग

मे २०२४ मध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात राजे तिसरे चार्ल्स यांच्या भव्य तैलचित्राचे अनावरण झाले. जोनाथन यो यांनी काढलेल्या या चित्रात गणवेश आणि पार्श्वभूमी, सारेच लालभडक! कुणाला त्यात तेज दिसले, कुणाला आग. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, पीटर कुहफेल्ड यांनी रंगवलेले राज्याभिषेकाचे रीतसर चित्र लोकांपुढे आले. त्याआधी २०२३ मध्ये सरकारी कचेऱ्यांना राजाचे छायाचित्र मोफत देण्यासाठी ब्रिटिश सरकारने ८० लाख पौंडांची तरतूद केली, तेव्हा महागाईत हा खर्च कशाला, अशी टीकाही झाली.

राजाचे चित्र नेमके कुणासाठी असते? आम्हा नांदेड-लातूरकडच्या मंडळींना हा प्रश्न नवा नाही. उर्दूतून शिकलेल्या माझ्या आजोबांच्या डब्यात दोन तऱ्हेचे रुपये होते. इंग्रजांच्या कलदारावर पंचम जॉर्जचा मुकुटधारी चेहरा, तर निजामाच्या हाली रुपयावर नुसता चारमिनार. "आजोबा, यात राजा कुठंय?" असे मी विचारी. ते चारमिनारच्या कमानीतल्या एका अक्षरावर बोट ठेवीत. ते अक्षर 'ऐन', म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या नावातले पहिले अक्षर. चेहरा नव्हता, पण सत्ता प्रत्येकाच्या कनवटीला होती. पुढे बँकेत नोटा मोजण्यात माझा जन्म गेला. नोटेवरचा चेहरा कुणी पाहत नाही, आकडा पाहतात, हे तिथे कळले.

मात्र कधी कधी चित्राची गरज खुद्द राजालाच असते. बडोद्याचेच घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्यकारभार आला आणि त्याच सुमारास राजा रविवर्मांनी त्यांचे रत्नजडित तैलचित्र रंगवले. खेड्यातला पोर आता महाराजा आहे, हे रयतेला आणि इंग्रजांना पटवण्याचे काम त्या चित्राकडे होते.

पण महाराष्ट्र सयाजीरावांना ओळखतो तो त्या रत्नांमुळे नव्हे. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववून ते पाठ फिरवून निघाले. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. यातले काहीच रविवर्मांना रंगवता येण्यासारखे नव्हते, कारण ते अजून घडायचे होते.

आता राजे गेले, पण तसबिरी आहेत. चौकाचौकांतल्या फ्लेक्सनी तर आभाळ झाकले आहे. पुढच्या वेळी तहसील कचेरीत गेलात की भिंतीवरचे चेहरे जरूर पाहा. मग त्यांच्याखालची रांग किती वेळ जागची हलत नाही, तेही पाहा.