सांजवात : सहा दिवे, सहा प्रश्न

मुलांनो,

सहामाही परीक्षा संपली आणि दिवाळीची सुट्टी लागली! किल्ला, आकाशकंदील, चकल्या, मामाचं गाव... यादी केवढी मोठी! आमच्या वैशाखरे, मुरबाड, शहापूर बाजूच्या दोस्तांच्या यादीत आणखी एक काम असतं. भात कापणीला आलेलं असतं. शाळेला सुट्टी असली तरी विळ्याला नसते!

या धामधुमीत मी तुमच्याकडे रोजची फक्त दहा मिनिटं मागणार आहे. तिन्हीसांजेला दिवा लागला, शुभंकरोती किंवा तुमच्या घरी जी प्रार्थना होत असेल ती झाली, की घरातल्या सगळ्यांनी तिथंच बसायचं. एक प्रश्न घ्यायचा. एक मिनिट गप्प राहून विचार करायचा आणि मग ज्याला बोलावंसं वाटेल त्याने दोन वाक्यं बोलायची. कोणी हसायचं नाही, कोणी वाद घालायचा नाही. नाही बोलला तरी चालेल.

हा काही माझा शोध नाही बरं का! सुमारे २००० वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेका नावाचा विचारवंत होता. रात्री दिवा नेला आणि बायको बोलायची थांबली, की तो दिवसभराच्या वागण्याचा मनाशी हिशोब मांडत असे. आणि आपल्याकडे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे अठरा रविवार! साने गुरुजी ते लिहून घेत. तुरुंगातही माणसं असा वेळ काढत होती, मग आपल्याला घरात का जमू नये?

पहिला दिवस वसुबारस. गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी सह्याद्रीतल्या काही आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरंढोरं सांभाळ म्हणून विनवतात. गंमत बघा, जी दूध देते तिचीही आठवण आणि ज्याची भीती वाटते त्याचीही! प्रश्न असा : मला कोणाची भीती वाटते? ती मी आज घरात कोणाला तरी सांगू शकेन का?

दुसरा दिवस धनत्रयोदशी. दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतात. मरणाचा विषय घरात आपण टाळतो, पण हा दिवा मात्र लावतो. आज आजी-आजोबांना बोलू द्या. प्रश्न : तुमच्या लहानपणी या दिवशी घरात कोण कोण होतं? जे आज नाहीत त्यांची नावं घ्या. नातवंडांना ती कळायला हवीत.

तिसरा दिवस नरकचतुर्दशी. पहाटे आंघोळ झाली, की पायाखाली कारीट फोडायचं. आठवतो ना त्याचा कडूपणा? प्रश्न : कोणाशी माझं कडू झालंय? जैन घरांत पर्युषणाच्या शेवटी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून एकमेकांची क्षमा मागतात. लहानांनी मोठ्यांची मागतात, तशी मोठ्यांनी लहानांचीही. आपल्या घरी जमेल का? आई-बाबा, आज सुरुवात तुम्ही करा.

चौथा दिवस लक्ष्मीपूजन. वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट वर चढते. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे माल इथूनच उतरायचा. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात आकडेही कोरलेले आहेत. पण ते आकडे कसले? यज्ञांत दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे, हत्तींचे, नाण्यांचे! जकात किती जमली, याचा हिशोब तिथं नाही. किती दिलं, याचा आहे. म्हणून आजचा प्रश्न : या वर्षी आपल्या घरातून कोणाला काय दिलं गेलं? पैसेच असं नाही. शेजाऱ्याच्या कापणीला दिलेला एक दिवसही मोजा.

पाचवा दिवस पाडवा, बळीराजाचा. हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. दिवाळी सरली, की आपल्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाळा तोंडावर आला की परततात. मुलंही बरोबर जातात. दुसरं सत्र सुरू होतं, हजेरी घेतली जाते आणि एखाद्या नावाला 'हजर' असं उत्तर येत नाही. आपल्या घराच्या भिंतीतली वीट कोणी थापली, हे आपण कधी विचारत नाही. प्रश्न : माझ्या वर्गातलं कोण सुट्टीनंतर दिसणार नाही?

नाव आठवलं ना? मग नुसतं वाईट वाटून घेऊ नका. तो गावी असेपर्यंत त्याला भेटा, फराळाला बोलवा आणि कुठे जाणार ते विचारून गुरुजींना किंवा बाईंना सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला भट्टीजवळच्या शाळेतही बसता येतं, वर्षाच्या मध्येसुद्धा. पण कोणी तरी ते घडवून आणावं लागतं. आणि दोस्ता, हे वाचणारा तूच भट्टीवर जाणार असशील, तर दप्तर मागे ठेवू नकोस. तिथल्या शाळेचा दरवाजा तुझाही आहे. आई-बाबांना घेऊन जा.

सहावा दिवस भाऊबीज. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी स्वयंसेवक घरोघर जाऊन भाऊबीज गोळा करीत. कोणाच्या तरी बहिणी शिकाव्यात म्हणून अनोळखी माणसं ओवाळणी घालत! प्रश्न भावांसाठी : ताईच्या ताटात तर आज काही तरी टाकशील, पण उद्यापासून तिची कोणती कामं वाटून घेशील?

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. या दहा मिनिटांत मार्क आणि अभ्यास हे विषय बंद! टीव्ही आणि मोबाइलही बंद. मूल काही कबूल करेल, तेव्हा लगेच उपदेश करू नका. एकदा रागावलात, तर दुसऱ्या दिवशी ते बोलणार नाही. आणि उत्तर तुम्हीही द्यायचं आहे. आईला कशाची भीती वाटते, हे मुलांना बहुतेक माहीतच नसतं.

एखाद्या वर्षी दोन सण एकाच दिवशी येतात. आले तर येऊ देत. एक प्रश्न दुसऱ्या दिवशी घ्या. कापणीवरून दमून आल्यावर कोणाचा डोळा लागला, तर त्याला झोपू द्या. उद्या पुन्हा दिवा लागणारच आहे.

पणत्या जपून लावा, फटाक्यांपासून लहानग्यांना दूर ठेवा. आणि हो, पाचव्या दिवशीचं ते नाव विसरू नका!