दुसरी सही

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीतली अनेक लग्ने महाराष्ट्रातल्या सावंतवाडी-दोडामार्गाशी जुळतात. तिथल्या मुलीला हिंदू विवाह कायदा ठाऊक असतो. पण गोव्यात नांदायला आल्यावर तिचे हक्क ठरतात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशातून. या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. वडिलार्जित जमीनसुद्धा त्यात येते, आणि बायकोच्या सहीशिवाय ती विकता येत नाही. मोपा विमानतळानंतर पेडण्यात जमिनीला जो भाव आला आहे, तो पाहता ही सही फार मोलाची.

हा हक्क मात्र नागरी नोंदणीवर उभा आहे. निबंधकासमोर पहिली सही म्हणजे केवळ लग्नाच्या इराद्याची घोषणा. ठरलेल्या मुदतीनंतरच्या दुसऱ्या सहीनेच लग्न कायद्याने होते. अनेक घरांत पहिली सही होते, अक्षता पडतात आणि दुसरी राहून जाते. मग घटस्फोटाची वेळ आली की लग्न झाले होते हेच सिद्ध करण्यापासून सुरुवात.

मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर करार लग्नाआधीच नोटरीसमोर करावा लागतो. नंतर तो करता किंवा बदलता येत नाही.

प्रत्येक पंचायतीने या दोन सह्यांची माहिती मराठी-कोकणीत ठळक लावावी. मुलीच्या वडिलांनीही हॉल ठरवण्याआधी दुसऱ्या सहीची तारीख विचारावी.