जळमट नव्हे, घरटे

फाल्गुन-चैत्रात नांदगाव पेठच्या शिवारात पळस-पांगारा फुलला की जांभळा शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी, फुलाफुलांवर दिसू लागतो. लांबी जेमतेम 10 सेंटिमीटर, चोच बारीक व बाकदार. विणीच्या काळात नर दुरून काळा भासतो. उन्हात मात्र निळा-जांभळा झळकतो. मादी वरून तपकिरी, खालून पिवळसर. अनेक जण यास हमिंगबर्ड समजतात. तो पक्षी मात्र केवळ अमेरिका खंडांत आढळतो.

घरटे मादीच विणते. गवत, सालीचे तुकडे, वाळकी पाने ती कोळ्याच्या जाळ्याने गुंफते. ओसरीतील तारेला वा अंगणातील वेलीला लोंबणारे हे घरटे शत्रूस केरकचरा भासते, हेच त्याचे संरक्षण. माणसाच्या झाडूपुढे मात्र तेच घातक ठरते. पाडवा व महावीर जन्मकल्याणकापूर्वीची साफसफाई याच दिवसांत येते आणि अंड्यांसह घरटे जळमट म्हणून खाली पडते.

दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात, फुलास पीडा न देता रस घेणाऱ्या भ्रमराचा दृष्टान्त मुनींच्या आहारचर्येसाठी आला आहे. श्रावकाच्या वाट्याला येते ती यतना. येथे हिंसेचा हेतू नसतो, केवळ प्रमाद असतो. झाडू बहुधा नोकराच्या हाती असतो. पण करणे, करविणे व अनुमोदणे या तिन्हींचा विचार करणाऱ्या धर्मात मालक त्यातून सुटत नाही. म्हणून नोकरास आधीच सांगावे: लोंबत्या पुंजक्याला बाजूने वाटोळे दार दिसले, तर तो कोपरा महिनाभर तसाच राहू द्यावा.