अस्मिता नावाच्या मुलीचं लग्न

आपल्या शिबिरात 'अस्मिता' नावाची एक तरी असतेच. नाव तसं अलीकडचं. आज्यांच्या पिढीत गोदावरी, यमुना, द्वारका; अस्मिता क्वचितच. संस्कृतात 'अस्मि' म्हणजे 'मी आहे'. त्याला 'ता' जोडला की अस्मिता, 'मी आहे'पण. गंमत अशी, की पतंजलीच्या योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक, अविद्येच्या पाठोपाठची. तिच्यातून सुटायचं! (ज्यांना 'मी' म्हणूच दिलं नाही, त्यांनी तो सोडायचा तरी कसा?) आधुनिक मराठीत मात्र हा शब्द स्वत्व, स्वाभिमान या अर्थांनी रुळला आणि मुलींचं नाव झाला.

याच्या अगदी उलट नाव 'नकुशी', म्हणजे नकोशी. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली. बरंच झालं.

पण मुलीचं नाव हौसेने 'मी आहे' असं ठेवणारे आईबाप तिच्या लग्नात काय करतात? तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने दुसरंच नाव लिहितो आणि हे कौतुकाने बघत राहतात. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. 'तुला बदलायचंय का?' हेही कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत कुणाचं लग्न ठरलं असेल, तर ताट मांडण्याआधी एवढं तिला विचारून या.