गाडी किती चालली?

जुनी गाडी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती चाललीय?’ इंजिन, ब्रेक, कागदपत्रे हे सगळे त्यानंतर. मीही तोच विचारला. समोरच्या वयस्कर डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, ‘१ लाख ८४ हजार किलोमीटर.’ आमच्या सौभाग्यवतींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

गाडी होती २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, काळी. दिसायला घरगुती, डिकीत निम्म्या लग्नाचे सामान मावेल अशी. पण बॉनेटखाली १.८ लिटरचे टर्बो इंजिन आणि दीडशेच्या घरातली अश्वशक्ती. ज्या शहरात ती उभी होती तिथेच तिची जुळणी झालेली. तेव्हा ते औरंगाबाद होते, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. ही गाडी नवी होती तेव्हा माझ्याकडे स्कूटर होती. सिग्नलला एकदा ती शेजारी येऊन थांबली आणि हिरवा दिवा लागताच अशी काही गेली की मी स्कूटर सुरू करायचेच विसरलो. मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते रविवारच्या पुरवणीत लिहिण्यासारखे नाही. तर अशी ती गाडी, वीस वर्षांनी, २ लाख ७५ हजारांत.

त्याआधीच्या रविवारी पुण्यात एका एजंटाकडे याच जातीची दुसरी पाहिली होती. मीटरवर ७८ हजार. मी खूश, सौ. त्याहून खूश. नाशिकहून आमचे मिस्त्री बरोबर नेले होते. त्यांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिले नाही. ब्रेकच्या पॅडलवरचे रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचे चामडे चकाकणारे, ड्रायव्हरच्या सीटची कड उसवलेली. एवढे पाहून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘साहेब, ही गाडी ७८ हजार चालली असेल तर मी अजून बिनलग्नाचा आहे.’ मिस्त्रींना तीन नातवंडे आहेत.

मीटर मागे फिरवणारा दोषी आहेच. पण मला वाटते, त्याच्या हातात पाना आपणच देतो. खरा आकडा सांगणाऱ्याच्या गाडीला आपण निम्मी किंमत करतो आणि खोटा सांगणाऱ्याकडे पेढे घेऊन जातो. मग त्याने खरे का बोलावे? बरे, आकडा खरा असला तरी तो सांगतो किती? हमरस्त्यावर एका लयीत झालेले लाखभर किलोमीटर आणि शहराच्या गर्दीत क्लच दाबत काढलेले पन्नास हजार, यांत इंजिनाला कोणते जड गेले हे मीटरला कळत नाही.

कळते ते फाईलला. डॉक्टरांनी पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिले तारखेवार लावून ठेवली होती. या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा एक रबरी पट्टा असतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ तो सांभाळतो. चालत्या गाडीत तो तुटला की दोघांची टक्कर होते, व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. हा पट्टा गाडी उभी असली तरी वयाने कडक होतो. म्हणून वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली ‘कमी चाललेली’ गाडी उलट जास्त धोक्याची. डॉक्टरांनी तो दोनदा बदललेला, पाण्याच्या पंपासकट. टर्बोही एकदा बदललेला. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, तेही तेलाच्या पातळ थरावर. भरधाव आल्यावर लगेच इंजिन बंद केले तर ते तेल आतल्या आत जळते. ‘घरी आलो की मिनिटभर तशीच सुरू ठेवायची,’ डॉक्टर म्हणाले, ‘तेवढ्यात आमची ही फाटक लावून घ्यायची.’ त्या ‘ही’ आता नाहीत, हे भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून कळले.

मिस्त्रींनी गाडी थंड असताना सुरू केली. निळा धूर नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे. ‘घ्या,’ ते म्हणाले, ‘पण सव्वा लाख वेगळे ठेवा.’

खरी मेख इथे आहे. गाडी जुनी होते तसा तिचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. दहा लाखांहून पुष्कळ अधिक किमतीच्या गाडीचे भाग तिच्याच तोऱ्यात मिळतात, तेही मिळाले तर. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. २००५ सालच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार. म्हणजे गाडी पावणेतीन लाखांची नव्हे, चार लाखांची. ज्याच्याजवळ फक्त पावणेतीन आहेत त्याने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत बनवताना माझ्याजवळ पावणेतीनच होते.

तरी मी येवल्यापर्यंत गाडीत हिशेब मांडत होतो. रात्री जेवताना लेकीने ऐकून घेतले. जूनमध्ये तिची एम.एस्सी.ची फी भरायची आहे. ती सहज म्हणाली, ‘बाबा, मी शैक्षणिक कर्ज काढते ना. तुम्ही गाडी घ्या.’ अगदी मनापासून म्हणाली. सौ. काहीच बोलली नाही, तिने मला आणखी एक पोळी वाढली.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. आकड्यामुळे नाही म्हणत नाही, हे त्यांना आवर्जून सांगितले. ते म्हणाले, ‘बाकीचे सगळे त्याच्यामुळेच गेले हो.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘जूननंतर एकदा विचारा. मी काही जाहिरात दिलेली नाही.’

बेल्टच्या बिलाची झेरॉक्स माझ्या खिशात सौ.ला सापडली. ‘अहो, हे कशाला?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘असू दे. पुढचा बेल्ट कधी आहे ते त्यात लिहिलंय.’