चोच कोंबडीची, जबडा बदकाचा

कोंबडीचं मुंडकं आणि बदकाचं मुंडकं शेजारी शेजारी ठेवलं, तर शेंबडं पोरही ओळखील. कोंबडीची चोच टोकदार, दाणे टिपायची. बदकाची चपटी, चिखल गाळायची. पण मंडळी, पुढून कोंबडी आणि मागून बदक असं मुंडकं निघालं तर?

तसं निघालंय खरं. बेल्जियम देशात, हॉलंडच्या सीमेजवळ एबेन-एमाल नावाचं गाव आहे. तिथं चुनखडीची मोठी खाण आहे. 2000 साली एका हौशी माणसाला तिथं काही दगड मिळाले. हा काही शास्त्रज्ञ नव्हे, जुनी हाडं नि शिंपले गोळा करायचा नाद, एवढंच. दगडातून पायाच्या हाडांचे तुटके तुकडे डोकावत होते. दुसऱ्या कुणी ते फेकून दिले असते. यानं ते मास्ट्रिख्टच्या संग्रहालयाला देऊन टाकले. तिथं ते कितीतरी वर्षं पडून होते.

पुढं केंब्रिज विद्यापीठाच्या डॅनियल फील्ड यांनी ते तपासायला घेतले. दगड फोडले असते तर आतल्या नाजूक हाडांचा भुगाच झाला असता. म्हणून दवाखान्यात डोक्याला मार लागलेल्या माणसाचा सीटी स्कॅन करतात ना, तसाच या दगडांचा केला. बघायची होती पायाची हाडं, पण पडद्यावर दिसली एक जवळजवळ अख्खी कवटी!

आता ओळख पटवायची कशी? जिवंत पक्ष्यांच्या कवट्या घेऊन एकेक हाड ताडून पाहायचं. चोच कोंबडीच्या वळणाची निघाली, टोक किंचित खाली झुकलेलं, पण शिकारी पक्ष्यासारखा आकडा नाही. खालच्या जबड्याचं मागचं टोक मात्र बदकासारखं, लांब आणि वर वळलेलं. पाय लांब, सडपातळ. म्हणजे उथळ समुद्राच्या काठानं हिंडणारा पक्षी असावा. वजन सुमारे 400 ग्रॅम, आपल्या तलंगीहूनही हलका.

वय? सुमारे 6 कोटी 67 लाख वर्षं! आकाशातून भला थोरला पाषाण पृथ्वीवर आदळला आणि डायनासोर संपले, त्याच्या सात-आठ लाख वर्षं आधीचा हा पक्षी. (आपल्या विहिरी खणताना लागणारा काळा पाषाणही त्याच सुमाराच्या लाव्ह्याचा, बरं का.) त्या संकटातून लहान, जमिनीवर वावरणारे पक्षी तगले असावेत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

2020 च्या मार्चमध्ये हा शोध जाहीर झाला. पक्ष्याचं नाव ठेवलं अॅस्टेरिऑर्निस. ग्रीक पुराणात आस्तेरिया ही तुटत्या ताऱ्यांची देवता, ती पुढं लावरी झाली म्हणतात. नाव चपखल आहे, पण लोकांनी त्याला नवलाची कोंबडी करून टाकलं, आणि मला तेच आवडतं.

कोंबडी नि बदक एकाच मूळ घराण्यातली, हे शास्त्रज्ञांना आधीही ठाऊक होतं. हा पक्षी त्या घराण्याची वाटणी झाली त्या सुमाराचा, असं फील्ड यांच्या मंडळींचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, काही जण त्याला दुसऱ्याच फांदीवर बसवतात. आजच्या पक्ष्यांच्या कुळातली सर्वांत जुनी कवटी हा मानही आता गेला. अंटार्क्टिकात सापडलेल्या वेगाविस पक्ष्याची याहून जुनी कवटी 2025 साली जाहीर झाली.

आपल्याकडेही असं काही मिळत नाही असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात डायनासोरची हाडं मिळालेली आहेत. नांगरताना किंवा विहीर खणताना दगडात हाडासारखं काही दिसलं, तर त्यावर पहार घालू नका. कुठं मिळालं, किती खोल मिळालं, ते कागदावर लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या गुरुजींना दाखवा.