डोपामिन स्कॅनमध्ये दिसतं का? स्किझोफ्रेनियाचं नवं औषध आणि मेंदूच्या चित्रांची खरी कुवत

26 सप्टेंबर 2024 ला अमेरिकेच्या एफडीएने 'कोबेन्फी' या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाला मान्यता दिली. बातमी खरंच मोठी होती. 1950 च्या दशकापासून या आजारावर आलेली जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या रिसेप्टरवर काम करतात, आणि हे औषध त्या रिसेप्टरला हातच लावत नाही. मग दोन प्रकारचं बोलणं सुरू झालं. एक, डोपामिनचा सिद्धांत मोडीत निघाला. दोन, आता मेंदूचा स्कॅन काढून कोणतं रसायन कमी-जास्त आहे ते बघायचं आणि तसं औषध द्यायचं, हे दिवस आले.

दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. त्यातली पहिली तर धोक्याची, कारण घरात कुणाला रोजच्या गोळ्या चालू असतील तर "मग इतकी वर्षं ह्या कशाला घेतल्या?" हा प्रश्न येणारच, आणि गोळ्या अचानक बंद केल्या की आजार उलटण्याची शक्यता चांगलीच वाढते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. पण हा प्रश्न बराचसा मोजमापाचा आहे: आपण नेमकं काय मोजतोय, आणि त्यावरून काय म्हणता येतं? म्हणून हा लेख.

आजाराबद्दल थोडक्यात. 2004 चा 'देवराई' सिनेमा बघितलेल्यांना स्किझोफ्रेनिया माहीत आहे. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, ठाम संशय, विचारांची साखळी तुटणं, आणि दुसऱ्या बाजूला इच्छाच न होणं, माणसांतून उठून जाणं. 'एका शरीरात दोन माणसं' असा हा आजार नाही, तो गैरसमज हिंदी सिनेमांनी पोसला. 1952 मध्ये पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरून बघितलं आणि पहिल्यांदा औषधाने आवाज कमी झाले. का कमी झाले हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं की जे औषध डोपामिनच्या डी-2 रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटतं, ते कमी डोसमध्ये काम करतं. 'डोपामिन जास्त झालंय' हे वाक्य इथून आलं. म्हणजे बघा, औषध कुठे चिकटतं त्यावरून आजार कुठे असेल याचा अंदाज बांधला होता. जिवंत माणसाच्या मेंदूत डोपामिन बघितलं कुणीच नव्हतं.

ते बघायची सोय 1983 मध्ये झाली. जॉन्स हॉपकिन्सच्या हेन्री वॅग्नर यांनी पेट स्कॅनरखाली स्वतःच झोपून आपल्याच मेंदूतल्या डोपामिन रिसेप्टरचं चित्र काढून घेतलं. पद्धत अशी. रिसेप्टरला चिकटणारा एक पदार्थ घ्यायचा, उदाहरणार्थ रॅक्लोप्राइड, आणि त्यात किरणोत्सर्गी कार्बन-11 बसवायचा. हा कार्बन दर 20 मिनिटांनी निम्मा उरतो, त्यामुळे तो बनवणारा सायक्लोट्रॉन त्याच आवारात लागतो. तयार झालं की लगेच शिरेतून द्यायचं आणि कुठून किती किरण येतात ते टिपायचं.

आता इथे नीट लक्ष द्या. या स्कॅनमध्ये डोपामिन दिसत नाही. एखादं पार्किंग समजा. आपण दिवे लावलेल्या गाड्या आत सोडतो आणि वरून फक्त दिवे मोजतो. डोपामिन म्हणजे बिनदिव्याच्या गाड्या, त्या वरून दिसत नाहीत. दिवे कमी दिसले तर दोन शक्यता आहेत: मुळात जागाच कमी आहेत, किंवा बिनदिव्याच्या गाड्यांनी त्या आधीच अडवल्या आहेत. एका चित्रावरून यातलं खरं काय ते सांगता येत नाही.

ही अडचण किती खरी आहे ते लगेच दिसलं. 1986 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 'सायन्स'मध्ये लिहिलं की कधीही औषध न घेतलेल्या रुग्णांत डी-2 रिसेप्टर जास्त आहेत. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे यांच्या गटाने तशाच रुग्णांवर रॅक्लोप्राइड वापरलं, त्यांना फरक सापडलाच नाही. दोघांचे ट्रेसर वेगळे, आकडेमोडीची रीतही वेगळी. अनेक वर्षं वाद चालला. आमच्याकडे दोन मॉनिटरिंग टूल एकाच सर्व्हरचे वेगळे आकडे दाखवतात तेव्हा काय होतं, ते सांगायला नको.

पण याच फार्डे यांच्या कामातून रुग्णांच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातली ती सर्वांत कमी सांगितली जाते. औषध चालू असलेल्या माणसाचा स्कॅन काढला तर औषधाने किती टक्के रिसेप्टर झाकलेत ते कळतं. टोरोंटोमध्ये शितिज कपूर यांनी हे काम पुढे नेलं. साधारण 65 टक्क्यांच्या वर गेलं की गुण येण्याची शक्यता वाढते, आणि 80 टक्क्यांच्या आसपास गेलं की हातापायांचा ताठरपणा, थरथर, एका जागी बसवत नाही अशी तगमग सुरू होते. मधली पट्टी अरुंद आहे. हॅलोपेरिडॉल एकेकाळी दिवसाला काही दहा मिलिग्रॅमपर्यंत दिलं जायचं, आणि स्कॅन सांगत होते की अनेकांना दोन ते पाच मिलिग्रॅममध्येच ही पट्टी गाठता येते. बाकीचा डोस म्हणजे नुसता त्रास. हे कळायला प्रत्येक रुग्णाचा स्कॅन लागत नाही. थोड्या लोकांवर एकदा मोजलं, आणि डोस ठरवायची समज सगळ्यांसाठी बदलली.

पुढचा टप्पा 1996 पासूनचा. मार्क लारुएल, अनिसा अबी-दरघाम आणि मंडळींनी अँफेटामिन देऊन डोपामिन मुद्दाम सोडायला लावलं आणि दिवे किती विझतात ते मोजलं. रुग्णांत ते जास्त विझले. दुसऱ्या पद्धतीत डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे डोपा, फ्लोरिन-18 लावून देतात आणि पेशी तो किती वेगाने आत ओढतात ते बघतात. लंडनच्या ऑलिव्हर होव्स यांच्या गटाने 2012 मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र केले. रिसेप्टरच्या संख्येतला फरक किरकोळ निघाला. मोठा फरक होता तो डोपामिन बनवून सोडणाऱ्या बाजूला. म्हणजे वरची टाकी भरून वाहतेय आणि आपण सत्तर वर्षं खालच्या नळांना बोळे कोंबतोय. बोळ्यांनी घर कोरडं राहतं हे खरं आहे. टाकी तशीच वाहत राहते हेही खरं आहे.

मग हा स्कॅन काढून निदान का करायचं नाही? इथे थोडं गणित करू. त्या एकत्रित अभ्यासात डोपामिन बनवण्या-सोडण्यातला फरक साधारण 0.8 निघाला, म्हणजे दोन गटांच्या सरासरींत 0.8 प्रमाण विचलनाचं अंतर. संशोधनात हा मोठा परिणाम समजतात. पण सारख्या रुंदीचे दोन घंटाकृती आलेख एवढ्या अंतरावर ठेवले तर ते जवळपास 69 टक्के एकमेकांवर चढतात. बरोबर मध्ये रेघ मारून 'इकडचे आजारी, तिकडचे निरोगी' म्हटलं तर दोन्हीकडे साधारण 65 टक्के उत्तरं बरोबर येतील. आता 1000 लोक घ्या आणि शंभरात एकाला आजार आहे असं धरा. 10 आजारी लोकांपैकी 6-7 जण पकडले जातील, आणि 990 निरोगी लोकांपैकी सुमारे 340 जणांना आपण उगाच आजारी ठरवू. चाचणी 'पॉझिटिव्ह' आलेल्या पन्नासातला एक खरा. मनोविकारतज्ज्ञाकडे आधीच त्रास घेऊन आलेल्यांत हे प्रमाण सुधारेल, पण तिथे दुसरी अडचण येते: बायपोलर आजारात भास-संशय असलेल्यांतही हीच वाढ सापडली आहे. म्हणजे नेमका कोणता आजार, हे स्कॅन सांगत नाही.

पार्किन्सनशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. आपल्याकडेही मोठ्या शहरांत पार्किन्सनच्या शंकेसाठी डोपामिनशी संबंधित स्कॅन होतात आणि ते उपयोगी पडतात, कारण तिथे लक्षणं दिसेपर्यंत डोपामिनची निम्मी किंवा त्याहून जास्त यंत्रणा गेलेली असते. उणेपणा डोळ्यांना दिसतो. स्किझोफ्रेनियात तो सरासरीत लपलेला असतो. आणि कॅन्सरसाठी जो पेट स्कॅन सर्रास होतो तो साखरेचा वापर दाखवतो, डोपामिनचा नाही. कुणी साध्या स्कॅनवरून 'न्यूरोट्रान्समीटरची पातळी' सांगत असेल तर पैसे खिशात ठेवा.

सरासरीच्या आत दडलेली एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. साधारण एकतृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. 2012 मध्ये होव्स यांच्याच वर्तुळातल्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांचा डोपामिन बनवण्याचा वेग निरोगी लोकांसारखाच निघाला. रिसेप्टर झाकले गेले होते, आजार हलला नव्हता. त्यांची टाकी वाहत नव्हतीच. अशांसाठी क्लोझापिन हे औषध आहे, ते डी-2 रिसेप्टर तुलनेने कमीच झाकतं, पण पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात म्हणून नियमित रक्त तपासावं लागतं. या तपासण्यांच्या धास्तीने ते अनेकांना उशिरा मिळतं, काहींना मिळतच नाही. कोण या गटात आहे हे पहिल्या महिन्यात कळलं तर काही वर्षं वाचतील. स्कॅनचं खरं काम इथे आहे असं मला वाटतं.

मग या रुग्णांत बिघडतं काय? संशय ग्लुटामेटवर आहे. ते मोजायला एमआरआय मशीनमध्येच होणारी स्पेक्ट्रोस्कोपी वापरतात, किरणोत्सर्ग नाही. पण ग्लुटामेट पेशींच्या रोजच्या कारभारातही वापरलं जातं, आणि ही पद्धत दोन-तीन सेंटिमीटरच्या ठोकळ्यातलं सगळं एकत्र मोजते. घरात एकूण मीठ किती आहे ते कळतं, भाजीत किती पडलं ते नाही. ग्लुटामेटच्या वाटेने जाणारी औषधंही आपटली: लिलीचं पोमाग्लुमेटॅड, रोशचं बिटोपर्टिन, आणि जानेवारी 2025 मध्ये बोरिंगर इंगेलहाइमचं आयक्लेपर्टिन.

आता परत कोबेन्फीकडे. त्यातलं झॅनोमेलिन 1990 च्या दशकात लिलीने अल्झायमरसाठी तपासलं होतं. भास कमी झाले, पण उलट्या-मळमळीने लोक बेजार झाले. पुढे त्याला ट्रोस्पियम जोडलं, लघवीच्या तक्रारींवरचं जुनं औषध, जे मेंदूत शिरत नाही आणि बाकी शरीरात झॅनोमेलिनला बरंच अडवतं. अस्सल जुगाड, आणि चालला. झॅनोमेलिन एम-1 आणि एम-4 या मस्करिनिक रिसेप्टरवर काम करतं. त्याने डोपामिन सोडणाऱ्या पेशींना मागून मिळणारा रेटा कमी होतो, असं मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. म्हणजे हे औषध डोपामिनच्या सिद्धांताच्या विरोधात नाही. स्कॅनने ज्या बाजूला बोट दाखवलं होतं, त्याच टाकीकडे ते वळतं.

पण गोष्ट इतकी सरळही नाही. पाच आठवड्यांच्या एका मोठ्या चाचणीत लक्षणांचा गुणांक कोबेन्फीने 21.2 ने उतरला, नुसत्या दिखाऊ गोळीने 11.6 ने. फरक चांगला आहे, चमत्कार नाही. फक्त एम-4 वर काम करणारं ॲबव्हीचं एम्राक्लिडिन नोव्हेंबर 2024 मध्ये नापास झालं. एप्रिल 2025 मध्ये, जुन्या औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांत कोबेन्फी त्यांच्या जोडीला देऊन बघितलं, तिथेही मुख्य निकष गाठता आला नाही. टाकी वाहणारे आणि न वाहणारे रुग्ण एकाच चाचणीत मिसळले की औषधाचा खरा परिणाम सरासरीत बुडू शकतो. इथे तसंच झालं का, हे या निकालांवरून ठरत नाही. ते बघायचं तर चाचणीच्या आधी निदान काही रुग्णांचे डोपामिन स्कॅन काढावे लागतील, आणि ते महाग आहेत.

म्हणून सध्या नजर न्यूरोमेलॅनिन एमआरआयवर आहे. डोपामिनच्या पेशींत वर्षानुवर्षं एक काळसर रंगद्रव्य साचतं, आणि ते एमआरआयमध्ये उजळ दिसतं. इंजेक्शन नाही, सायक्लोट्रॉन नाही, काही मिनिटांचा जास्तीचा स्कॅन. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने भास-संशयाची तीव्रता आणि हा सिग्नल यांचा संबंध दाखवला. पण साचलेलं रंगद्रव्य मागच्या अनेक वर्षांचा हिशोब सांगतं, आज सुरू केलेल्या गोळीने या महिन्यात काय बदललं ते त्यात दिसणार नाही.